सोनाराने न टोचलेले कान

मागच्या महिन्यात नगरच्या एका विहारात अभ्यासवर्गाला बोलायला गेले होते. विषय स्त्रीमुक्तीचा होता. भाषण झालं, प्रश्नोत्तरं सुरू झाली, तेव्हा मागच्या रांगेतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते उठून म्हणाले, "ताई, बोललात चांगलं. पण नाकातलं ते काढून बोलला असतात तर जास्त पटलं असतं. बाबासाहेबांनी महाडला आपल्या बायांना दागिने उतरवायला सांगितलं होतं. विसरलात का?" दोन-चार टाळ्याही पडल्या.

तिथे मी हसून थोडक्यात उत्तर दिलं. ते उत्तर घरी येईपर्यंत मलाच पुरेना, म्हणून हा लेख लिहिते आहे. त्या बाबांचा राग मला कळतो. त्यांची पिढी मार खाऊन इथवर आली आहे. पण प्रश्न अर्धाच विचारला तर उत्तरही अर्धंच मिळतं.

माझ्या अंगावर टोचलेल्या सहा जागा आहेत. दोन्ही कानांच्या पाळ्यांना दोन-दोन, उजव्या कानाच्या वरच्या कडेला एक आणि डाव्या नाकपुडीला एक. कडेची जागा आता बुजली. यातली पहिली दोन भोकं मी मागितली नव्हती. बाकीची चार मी स्वतः जाऊन, स्वतःचे पैसे मोजून पाडून घेतली. हा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यातलं. मी पाच वर्षांची असेन. आजीने सुई चिमणीच्या ज्योतीवर लाल केली, दोऱ्याला खोबरेल लावलं आणि माझी पाळी अंगठ्याने चोळत बसली. आईने हात धरले, चुलतीने पाय धरले. पहिला कान कळायच्या आत झाला. दुसऱ्याच्या वेळी मी एवढी ओरडले की वाड्यातली कुत्री भुंकायला लागली. मग हळद-तेल, चार दिवस ठणका आणि दोरा निघाल्यावर भोक बुजू नये म्हणून कडुनिंबाची काडी. आमच्या वयाच्या बहुतेक पोरींचे कान असेच टोचले गेले आहेत.

पुढे शाळेत म्हण शिकवली, 'सोनारानेच कान टोचावेत'. अर्थ असा की जो तो आपल्या अधिकारातलं बोलला तरच त्याचा उपयोग होतो. घरी येऊन मी आजीला विचारलं, "माझे कान सोनाराकडून का नाही टोचले?" आजी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आगं, टोचायचं तर आधी हात लावावा लागतोय. सोनार आपल्या कानाला हात लावीत व्हता का?"

मराठी भाषेतल्या एवढ्या साध्या म्हणीतही आम्ही कुठे बसत नव्हतो, हे मला त्या दिवशी कळलं.

कान टोचणं ही या देशात फार जुनी गोष्ट आहे. सुश्रुतसंहितेत त्याचा विधी दिला आहे. रक्षणासाठी आणि भूषणासाठी बाळाचे कान टोचावेत, मुलाचा आधी उजवा आणि मुलीचा आधी डावा, असं त्यात सांगितलं आहे. फाटलेली पाळी जोडण्याचे प्रकारही त्यात आहेत. पुढे कर्णवेध म्हणून याची गणना सोळा संस्कारांत झाली. म्हणजे एकाच्या घरी तो संस्कार झाला. आमच्या घरी काय झालं? मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडून पाहा. चांडाळांनी प्रेताची वस्त्रं नेसावीत, फुटक्या भांड्यात जेवावं आणि दागिने घालायचे तर लोखंडाचे घालावेत, अशी व्यवस्था तिथे लावून दिली आहे. भोक सगळ्यांच्या कानाला पडतं, पण त्यात कोणता धातू जाणार हे जात ठरवत होती.

हे फक्त पोथीत राहिलं नाही. 'जातिनिर्मूलन' या पुस्तिकेत बाबासाहेबांनी इंदूरकडच्या बलाई समाजाची हकिगत दिली आहे. १९२८ च्या सुमारास तिथल्या गावांतल्या सवर्णांनी बलायांवर जी कलमं लादली, त्यात एक कलम असं होतं की त्यांच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. पुस्तिकेत थोडं आधी पेशवाईतल्या पुण्याची हकिगत आहे. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून अस्पृश्याच्या गळ्यात मडकं, आणि पावलं पुसली जावीत म्हणून कमरेला झाडू. त्याच पेशवाईची चित्रं पाहा, पुरुषांच्या कानांत भिकबाळीचे टपोरे मोती दिसतील. शरीरावर काय घालायचं ही ज्याच्या त्याच्या आवडीची बाब आपल्याकडे कधी नव्हतीच.

आजीचा जन्म १९३० च्या आगेमागे झाला. तिच्या कानात कथलाच्या जाड बाळ्या होत्या आणि हातात कोपरापर्यंत कथलाचेच गोठ. त्या बाळ्यांच्या वजनाने पाळ्या एवढ्या ओघळल्या होत्या की भोकातून माझी करंगळी जायची. १६ डिसेंबर १९३९ ला श्रीरामपूरजवळ हरेगावला महार-मांग वतनदारांच्या परिषदेला बाबासाहेब आले, तेव्हा ती आपल्या बापाच्या खांद्यावर बसून गेली होती. भाषणातलं तिला काही आठवत नव्हतं. गर्दी आणि धूळ तेवढी आठवायची.

महाडचं भाषण तिच्यापर्यंत फार उशिरा पोचलं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्या परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब स्त्रियांशी वेगळं बोलले. त्याचा आशय आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. तुमच्या लुगड्याच्या नेसणीवरून आणि दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य आहात हे लांबून ओळखू येतं, ती ओळख पुसून टाका. लुगडं इतर बायकांसारखं नेसा. गळाभर आणि कोपरापर्यंत घातलेलं ते कथील नि चांदी उतरवा. दागिना घालायचाच असेल तर सोन्याचा घाला, नसेल तर घालू नका. मुलींना शिकवा.

आता त्या ज्येष्ठ बाबांना माझं विनम्र सांगणं आहे की हे भाषण पुन्हा एकदा शांतपणे वाचावं. 'दागिना पाप आहे' असं बाबासाहेब म्हणाले नाहीत. सोन्याचा घाला, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. दुसऱ्यांनी आपल्या अंगावर चढवलेली खूण आपल्या हाताने उतरवा, हा त्या भाषणाचा गाभा आहे. 'सोनारानेच कान टोचावेत' ही म्हण खऱ्या अर्थाने कुठे लागू पडली असेल तर ती महाडला. तिथे आमच्या बायांचे कान टोचले गेले आणि कानातलं कथील निघालं.

धम्मदीक्षेनंतर, १९५७ च्या उन्हाळ्यात, आजीने बाळ्या काढल्या आणि मोडीत दिल्या. पुढे माझे वडील एसटीत लागले. पहिल्या काही पगारांतून साठवून त्यांनी आईसाठी, म्हणजे माझ्या आजीसाठी, सराफ बाजारातून सोन्याची फुलं आणली. घरातलं ते पहिलं सोनं. आजीने हात धुतले, आरशासमोर बसली आणि फुलं कानात घातली. ती सरळ आरपार निघून मांडीवर पडली. मळसूत्राची फिरकीसुद्धा भोकातून पलीकडे जायची. कथलाने पाडलेल्या भोकात सोनं टिकेना. आज अशी पाळी भूल देऊन अर्ध्या-पाऊण तासात शिवून देतात. त्या काळी आम्हाला हे कोण सांगणार? तिने फुलं डबीत ठेवली. ती डबी आता माझ्याकडे आहे.

माझं नाक टोचलं ते मी एकोणीस वर्षांची असताना, नगरला कॉलेजात शिकत होते तेव्हा. कारण काय म्हणून विचाराल तर मैत्रिणींनी टोचलं, मला चमकी आवडली, झालं. एका पार्लरमध्ये दीडशे रुपयांत बंदुकीने टोचलं. वर्षभराने पुन्हा तिथेच पाळ्यांना दुसरी भोकं पाडून घेतली आणि त्याच हौसेत उजव्या कानाच्या वरच्या कडेलाही बंदूक लावली. ती चूक होती. पाळी मांसल असते, दीड-दोन महिन्यांत भरून येते. वरची कड कूर्चेची असते, तिला रक्तपुरवठा कमी, ती भरायला सहा महिने ते वर्ष लागतं. बंदूक सुईसारखी भोसकत नाही, बोथट खडा जोराने घुसवते, त्यात कूर्चा चिरडते. शिवाय त्या बंदुकीचे प्लास्टिकचे भाग वाफेच्या दाबाखाली नीट निर्जंतुक करता येत नाहीत. चौथ्या दिवशी कान टोमॅटोसारखा लाल झाला, आठव्या दिवशी पू. डॉक्टरांनी खडा काढला, जखम धुतली, औषधं दिली आणि म्हणाले, "उशीर केला असता तर कानाचा आकार गेला असता." तिथे आजही एक गाठ हाताला लागते.

म्हणून पोरापोरींनो, हौस जरूर करा, पण नवी कोरी निर्जंतुक सुई वापरणाऱ्याकडेच जा. पहिला दागिना निकेल नसलेला घाला, टायटॅनियमचा किंवा चांगल्या सोन्याचा. जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, सारखा हात लावू नका. ज्यांच्या घरात जखमेवर गाठीसारखा जाड वण उठण्याची सवय आहे, त्यांनी आधी त्वचेच्या डॉक्टरांना विचारावं.

कान दुखत होता त्या दिवसांत मला मढीचे जोगी आठवायचे. मढी आमच्याच तालुक्यात. कानिफनाथांची समाधी तिथे आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत जत्रा भरते, गाढवांचा बाजार भरतो आणि राज्यभरातून भटके समाज येतात. लहानपणी वडिलांबरोबर नुसती जत्रा बघायला जायचे. तिथे कानफाटे जोगी दिसायचे, कानाच्या मधली जाड कूर्चा चिरून तिच्यात मोठी कुंडलं घातलेले. माझ्या कानाची जी जागा पिकली तिच्यापेक्षा कितीतरी मोठी जखम, तीही समजून-उमजून, दीक्षा म्हणून घेतलेली. त्यांचा मार्ग माझा नाही. पण निर्णय त्यांचा होता, एवढं तर मान्य करावं लागेल. आणि आपल्या समाजाने त्याचं काय केलं? 'एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं' अशी म्हण केली. एखाद्याने निवडलेली खूणसुद्धा आपण शिक्का करून टाकतो.

नाकातल्या चमकीने मला वेगळाच धडा दिला. नोकरीसाठी पुण्याला गेले, खोली शोधत होते. एका घरमालकीणबाईंनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि कौतुकाने म्हणाल्या, "ये ना आत, आजकालच्या मुली नाकात काही घालतच नाहीत." पाणी दिलं, खोली दाखवली, भाडंही ठरलं. मग आडनाव विचारलं. दुसऱ्या दिवशी फोन आला की खोली त्यांच्या भाच्याला लागणार आहे. चमकी पाहून आत घेतलं आणि आडनाव ऐकून बाहेर काढलं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. त्या अनुभवानंतर माझ्या लक्षात आलं की चमकीमुळे बरेच लोक मला 'त्यांच्यातली' समजतात. बँकेत, बसमध्ये, लग्नात. आणि काही महिने मला ते बरं वाटलं. मी आडनाव टाळून फक्त नाव सांगायला लागले होते. म्हणून त्या ज्येष्ठ बाबांच्या बोलण्यात काही सत्य नाही, असं मी म्हणणार नाही. दागिना आपण निवडतो तेव्हाही त्याचा अर्थ लावणारे डोळे आपले नसतात. मी चमकी काढली. दोन आठवड्यांत भोक आकसायला लागलं. मग एका रात्री स्वतःलाच विचारलं, ही मी कोणासाठी काढली? घरमालकिणीच्या डोळ्यांसाठी घालणं जसं चूक, तसं तिच्या डोळ्यांमुळे काढणंही चूकच. दुसऱ्या दिवशी चमकी घातली, थोडं रक्त आलं. तेव्हापासून आडनावही सांगते, पहिल्याच वाक्यात.

चळवळीतल्या भावांना आणखी एक विचारायचं आहे. आपल्या कित्येक भावांच्या गळ्यात सोनसाखळी असते, बोटात अंगठी असते. त्यांना व्यासपीठावर कोणी 'उतरवून बोला' म्हणत नाही. समाजाची ओळख दाखवण्याचं काम नेहमी बाईच्याच अंगावर का? मनूने सांगितलं लोखंड घाल, नवऱ्याने सांगितलं मंगळसूत्र घाल, मंडळाने सांगितलं काहीच घालू नकोस. तिन्ही ठिकाणी बाईला विचारलंच नाही.

पुरुषांचीही सुटका नाही म्हणा. माझ्या भाच्याने अकरावीत असताना डाव्या कानात छोटी बाळी घातली. वर्गात अर्ध्या मुलांच्या कानात होती. एका सरांनी फक्त त्यालाच उभं केलं आणि विचारलं, "तुमच्यात हे कधीपासून?" तो घरी येऊन म्हणाला, "आत्या, 'तुमच्यात' म्हणजे काय ग?" त्याला ते पक्कं माहीत होतं, माझ्या तोंडून ऐकायचं होतं. त्याची आई घाबरली, बाळी काढ म्हणाली. तिचं चुकलं असं मी कशी म्हणू? याच जिल्ह्यात, शिर्डीत, २०१५ साली मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून एका तरुणाचा जीव घेतला गेला. आपल्या पोरांची हौस ही अशी जोखीम घेऊन चालते. भाच्याने बाळी काढली नाही. मी त्याला शाबासकी दिली आणि रात्री तो घरी येईपर्यंत दाराकडे बघत बसायची सवयही मला लागली.

आता माझ्या मुलीची गोष्ट. ती झाली तेव्हा बाराव्या दिवशीच सासूबाई म्हणाल्या, "कान टोचून घेऊ." मी नाही म्हणाले. ती मोठी होईल, मागेल, तेव्हा बघू. सासूबाई दुखावल्या. मला वाटलं हा जुन्या रूढीचा हट्ट आहे. तसं नव्हतं. त्या म्हणाल्या, "अगं, माझे कान काट्यानं टोचले. माझ्या नातीचे सोनार टोचणार, सोन्याच्या तारेनं, आपल्या दुकानात खुर्चीवर बसवून. एवढं तरी बघू दे मला." त्यांच्यासाठी ती खुर्ची म्हणजे समता होती. मी गप्प झाले, पण थांबले. आपल्याकडे मूल जगावं म्हणून मुलाचं नाक टोचून त्याचं नाव नथू ठेवायचे. गांधीजींच्या खुन्याचं नावही याच चालीतून आलेलं. रूढी असो, नवस असो वा समतेचं स्वप्न, अंग मात्र बाळाचं असतं आणि बाळाला कोणी विचारत नाही.

या वर्षी ती सात वर्षांची झाली आणि एक दिवस स्वतःच म्हणाली, "मला कान टोचायचेत." तिला सगळं खरं सांगितलं, दुखतं हेही. सासूबाईंना बरोबर घेतलं. सोनारकाकांनी नवी तार काढली, स्पिरिटने पुसली, तिला खुर्चीवर बसवलं आणि दोन बोटांत तिची पाळी धरली. त्या बोटांकडे सासूबाई टक लावून बघत होत्या. डावा कान झाला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. काका उजवीकडे वळले तशी तिने कानावर हात ठेवला आणि म्हणाली, "नको. बास."

काका म्हणाले, "धरा हात जरा, एका सेकंदाचं काम आहे." सासूबाई पुढे झाल्या. माझेही हात आपोआप उठले होते. पाचव्या वर्षी माझे हातपाय धरणारे ते चार हात माझ्यावर प्रेमच करत होते. मी हात खाली घेतले आणि म्हणाले, "काका, राहू द्या. ती नको म्हणतेय."

आम्ही एकच कान टोचून घरी आलो. शेजारच्या बायका विचारतात, दुसरा राहिला का? ती सांगते, "माझं ठरलं नाही अजून."

आमच्या घरात बुद्धमूर्ती आहे. परवा ती मूर्तीसमोर उभी राहून म्हणाली, "आई, बुद्धांचे कान एवढे लांब का? आणि भोकात काहीच कसं नाही?" मी सांगितलं, राजपुत्र असताना त्यांच्या कानांत जड कुंडलं होती, त्यांनी पाळ्या ओघळल्या. घर सोडलं तेव्हा त्यांनी ती स्वतःच्या हाताने उतरवून ठेवली. कान तसेच राहिले. मग तिला आजीचा फोटो दाखवला. तसेच लांब, तसेच रिकामे कान. बुद्धांच्या कानांत सोनं होतं आणि आजीच्या कथील, एवढा फरक. उतरवलं मात्र दोघांनीही आपल्या हाताने.

तेव्हा बाबा, पुढच्या अभ्यासवर्गाला मी चमकी घालूनच येईन. तुम्ही जरूर प्रश्न विचारा. फक्त 'नाकात काय आहे' याच्या आधी 'कोणी ठरवलं' हे विचारा. डबीतली फुलं पोरीने मागितली तर तिला देईन. उजवा कान अजून तसाच आहे.

जयभीम!